पडद्यावरचा गडी

नोटीस आली म्हणून घाबरायचं नसतं, हे आम्हा धरणकाठच्या माणसांना बाळकडूच मिळालेलं असतं. आमच्या गावाला धरणाची नोटीस आली तेव्हा मी हाफपँटीत शाळेला जात होतो, आणि प्रत्यक्ष पाणी आलं तेव्हा मला टक्कल पडायला लागलं होतं. मधल्या काळात त्या नोटिशीच्या कागदात आमच्या घरी हळद बांधून झाली, आणि एका पावसाळ्यात तोच कागद खिडकीच्या फटीत कोंबून झाला. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरवर एका सकाळी पिवळी पट्टी उमटली आणि ‘ही सेवा पुढच्या वर्षी बंद होणार आहे’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत आलं, तेव्हा मी कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून पट्टी घालवली आणि निवांत चहा प्यायलो. कंपनी आमच्याकडची नव्हती, सातासमुद्रापलीकडची होती, हा फरक माझ्या टाळक्यात शिरलाच नाही. तिकडं म्हणे, बंद करतो म्हटलं की खरंच बंद करतात. आता हे आपल्याला कुणी सांगायचं?

माझं भोरला स्टँडसमोर फ्लेक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. भावी सरपंच, भावी सभापती, अगदीच कुणी नसेल तर नुसताच ‘युवा नेतृत्व’, सगळ्यांचे वाढदिवस माझ्याकडं साजरे होतात. भोर-वेल्ह्यातली किती लग्नं मी छापली असतील त्याचा हिशेब नाही. स्वतःचं तेवढं छापायचं राहून गेलं. पत्रिकेचे नमुने दाखवताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, “तुमच्या लग्नात यातली कुठली छापली हुती?” आणि मी हमखास चिडतो. दुकानाच्या मागं दोन खोल्या आहेत, त्यात मी राहतो. त्या वेळी आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या काळात एका मोठ्या कंपनीनं फुकट सोय केली होती. इंटरनेट उघडलं की येणारं पहिलं पान आपल्या मर्जीनं सजवायचं. हव्या त्या चौकटी आणून मांडायच्या: बातम्या, राशीभविष्य, हवामान, कॅलेंडर. मी पहिल्याच दिवशी घरात नवी भांडी आल्यासारखा सुटलो. लंडन, न्यूयॉर्क आणि टोकियो अशी तीन घड्याळं लावली. न्यूयॉर्कमध्ये या घडीला किती वाजलेत हे मला कायम ठाऊक असायचं, आणि हिर्डोशीची गाडी कधी सुटणार हे समोर स्टँड असून कधी ठाऊक नसायचं. कुणी विचारलं तर मी टोकियोची वेळ सांगायचो. लोक परत विचारायचे नाहीत.

सगळ्यात वरच्या कोपऱ्यात ते पान मला रोज सकाळी नावानं नमस्कार करायचं. हसू नका. दुकान उघडल्यावर मला नावानं हाक मारणारं दुसरं होतं कोण? बाकी सगळ्यांसाठी मी ‘ओ फ्लेक्सवाले’.

पानाच्या माथ्यावर एक चित्राची पट्टी लावता यायची. मी निवडलेल्या चित्रात डोंगरउतारावर भातखाचरं होती, एक खोपटं होतं आणि एक बुटका माणूस होता. बहुधा जपानचा असावा. डोक्यावर गवताची टोकदार टोपी, पाठीवरही गवताचंच विणलेलं काहीतरी. हा माणूस घड्याळाप्रमाणं वागायचा. सकाळी खाचरात वाकलेला दिसायचा, दुपारी बांधावर जेवून तिथंच आडवा व्हायचा, दिवेलागणीला खोपटाच्या दारात बसायचा. आपलं गाव निवडलं की तिथल्या हवेप्रमाणं चित्रात ऊन नाहीतर पाऊस पडायचा. गावांच्या यादीत भोर नव्हतं, वेल्हं नव्हतं, हिर्डोशीचं तर नावच सोडा. त्यातल्या त्यात जवळचं महाबळेश्वर होतं, ते टाकलं. हे चित्र निवडण्यात माझी काही रसिकता होती असं समजू नका. बाकीची चित्रं उघडताना आमच्या नेटला धाप लागायची, हे एकच बिचारं पटकन यायचं.

मग आत्या आली. आली कसली, आणली. वडलांची थोरली बहीण, हिर्डोशीला एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. खालची खाचरं आणि खालचं घर धरणात गेलं, वरची चार खाचरं आणि वर बांधलेलं पत्र्याचं घर राहिलं, त्यात ती होती. भाताची लावणी चालू असताना बांधावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन आत सळई घालून आणली. डॉक्टरांनी सांगितलं, चढउतार बंद. हिर्डोशीत चढउतार बंद म्हणजे घराबाहेर पडणंच बंद. मी तिला सरळ भोरला आणलं, मागच्या खोलीत खाट टाकली आणि स्वतःला भाच्यांचा राजा समजू लागलो.

दोन दिवस ती खोलीत पडून राहिली. तिसऱ्या दिवशी काठी टेकत दुकानात आली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, पाय फ्लेक्सच्या गुंडाळीवर ठेवला आणि पडद्याकडं बघून म्हणाली, “त्यो कोन?”

“चित्र आहे गं आत्या.”

“चित्र हाय त्ये दिसतंय मला. रान कुनाचं हाय?”

“जपानचं असेल.”

“जपान म्हंजी मुंबईच्या फुडं?”

“बरंच पुढं.”

“मग इरलं हिकडचं कसं?”

मी पहिल्यांदा नीट बघितलं. खरंच, पाठीवरचं ते गवताचं विणकाम इरल्यासारखंच दिसत होतं. इरलं म्हणजे आमच्याकडं भातलावणी करताना डोक्यावरून पाठीवर घ्यायची पानांची आणि बांबूच्या काड्यांची ढाल. आता सगळे प्लास्टिकचा कागद घेतात. आत्यानं मात्र शेवटपर्यंत इरलं सोडलं नव्हतं. ज्या दिवशी पाय मोडला त्या दिवशीही ते तिच्या पाठीवर होतं, आणि “इरलं व्हतं म्हनून पाठ वाचली” असं ती डॉक्टरला ऐकवून आली होती.

त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव ‘गडी’ पडलं. आत्या सकाळी आंघोळ करून आली की आधी गड्याची हजेरी घ्यायची. “आला का रानात? बरं झालं.” मग दिवसभर त्याची उणीदुणी काढायची. बांध कच्चा घातलाय. खाचरात पाणी राहत नाही. दुपारची झोप लई झाली. महाबळेश्वरला पाऊस लागला की चित्रातही लागायचा, आणि आत्या खुर्चीत चुळबूळ करायला लागायची. “हिकडं लागला म्हंजी हिर्डोशीला कवाच लागला आसंल.”

आमचं नेट ऐन वेळी बसायचं. मग गडी एक पाय उचललेला तसाच थांबायचा, ना पुढं ना मागं. मी टेलिफोनच्या वायरी हलवत टेबलाखाली, आणि वरून आत्याचा आवाज: “आरं, नुसता हुबा काय राह्यलाईस? हाल की जरा!” तेवढ्यात वायर जुळायची, गडी पाय खाली टाकायचा आणि आत्या माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघायची. टेबलाखाली धूळ खात बसलेल्या माणसाला श्रेय कुणीच देत नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

एकदा मार्गासनीचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका ठरवायला आले. बसले तर आत्यानं त्यांना गड्याचा बांध दाखवला. “तुमी सांगा, असा बांध तुमी घालशाल का?” झालं! ते चष्मा काढून पडद्याला नाक लावून बघायला लागले. “न्हाई हो आत्याबाई, ह्यो तर पयल्या पान्यात जाईल.” सगळी सकाळ दोघांनी मिळून गड्याचा संसार मोडीत काढला. शेवटी गृहस्थ उठले, आत्याला वाकून नमस्कार केला आणि पत्रिकेचं विसरून एस.टी.त जाऊन बसले. पुढं चार दिवस ती मुलगी बापाच्या नावानं शंख करत फोन करत होती, आणि तिचं बोलणं मी ऐकून घेत होतो.

“एक सांग,” आत्यानं एकदा विचारलं, “ह्याची कापनी कवा?”

मी शोधून बघितलं. चित्रात लावणी होती, जेवण होतं, झोप होती. कापणी नव्हती. बाराही महिने गडी लावणीच करत होता.

“म्हंजी नुसतंच वाकायचं? घरात दाना न्हाई?” आत्याला खरंच वाईट वाटलं. त्या दिवशी तिनं त्याला दुपारच्या झोपेवरून काही बोल लावला नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. पायाचं हाड सांधलं तसं आत्याचं एकच पालुपद सुरू झालं: मला हिर्डोशीच्या गाडीत बसव. दर चार दिवसांनी पिशवी भरलेली. खाचरं भावकीतल्या एकाला अर्ध्या वाट्यानं दिली होती, ती नीट बघतोय का नाही याची तिला रुखरुख. मी डॉक्टरांचं नाव पुढं करायचो. पाऊस असला तर पाऊस पुढं करायचो. काहीच नसलं तर म्हणायचो, “आज गडी काय करतोय बघ तरी, मग जा.” ती काठी टेकत यायची, खुर्चीत बसायची, बसली की संध्याकाळ व्हायची आणि शेवटची गाडी निघून जायची. पिशवी परत रिकामी.

खरं सांगायचं तर मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. डॉक्टर आणि चढउतार हे सांगायला ठीक. पण इतकी वर्षं मी एकटाच राहत होतो, आणि मागच्या खोलीत दुसऱ्या माणसाचं खोकणं ऐकू आलं की मला झोप चांगली लागायला लागली होती. सकाळी माझ्या आधी कुणीतरी उठलेलं असायचं. चहात साखर जास्त पडायची, मी भांडायचो, आणि भांडायला माणूस आहे म्हणून मनातून खूश व्हायचो. असल्या गोष्टी आत्याला तोंडानं कोण सांगणार? त्यापेक्षा मी माझा एक सिद्धांत मांडून ठेवला होता: आत्या भोरला टिकून आहे ती त्या गड्यामुळं. पडद्यावर गडी आहे तोवर आत्या आहे. एवढी अक्कल आपल्याला आहे याचा मला फार अभिमान होता.

पिवळी पट्टी रोज येत होती आणि मी रोज तिला घालवत होतो. वर्ष उलटलं. एका सकाळी मी फुली मारायच्या आत आत्यानं विचारलं, “ही पिवळी पट्टी कसली रं? रोज मारतोस ढेकून मारल्यावानी.”

“नोटीस आहे. पान बंद करणार म्हणतात. गडीबिडी सगळंच. कुठलं काय! नुसत्या धमक्या.”

आत्यानं माझा माउसवरचा हात धरला. मग म्हणाली, “नोटीस हाय?”

“अगं, कागदी घोडे आहेत.”

“तुज्या बापानं बी आसंच म्हनलं व्हतं. माजी खालची खाचरं बगून ये जा आता. मासं हिंडत्यात त्यात. नोटीस आली म्हंजी पानी येतं, लेका. कवा येतं त्येवढंच त्यांच्या हातात.”

मी पट्टी पहिल्यांदा नीट वाचली. पुढच्या दिवाळीच्या सुमाराची तारीख होती, आणि ती पुढची दिवाळी म्हणजे हीच, महिन्यावर आलेली.

मग मी काय केलं? आमच्याकडं अशा वेळी जे करतात तेच केलं. अर्ज केला. कंपनीच्या पानावर तक्रारीची चौकट होती, तिच्यात ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ पासून ‘तरी मेहेरबानांनी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’ पर्यंत सगळं माझ्या इंग्रजीत घातलं. ‘सदर गडी अन्यत्र स्थलांतरित करून त्याचे योग्य पुनर्वसन व्हावे’ असंही लिहिलं. खाली सह्या म्हणून पानटपरीवाला, रसवंतीवाला, रिक्षा स्टँडवरचे सगळे आणि मार्गासनीचे ते गृहस्थ यांची नावं टाकली. आत्या म्हणाली, माझा अंगठा घे. अंगठा पाठवायची सोय नव्हती. मी शेवटी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असं इंग्रजीत लिहिलं आणि बटण दाबलं. क्षणात उत्तर आलं: आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आमच्या कचेरीत निदान अर्ज घेऊन शिक्का तरी मारतात हो! आपण शिक्का बघत बसतो आणि जरा बरं वाटतं.

अर्ज गेला वाया, मग मी माझ्या धंद्याचं शस्त्र काढलं. म्हटलं, पान जाईल तर जाईल, गड्याला आपण फ्लेक्सवर घेऊ. सकाळचा, खाचरात वाकलेला गडी पडद्यावरून उचलला, मोठा केला, साफ केला. चांगला खाटेएवढा फ्लेक्स छापला आणि आत्या आंघोळीला गेलेली बघून मागच्या खोलीत भिंतीवर लावला. येऊन बघेल, हरखून जाईल. मी दारात हाताची घडी घालून उभा.

आत्या आली, फ्लेक्सकडं बघितलं, काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले.

“कवा गेला?” तिनं विचारलं.

“कोण?”

“गडी.”

मी वळून बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्या आठवड्यात श्रद्धांजलीचीच कामं जास्त होती. हात सवयीनं चालला होता. गडी लंबगोलात, दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा, खाली दोन समया. तेवढा ‘भावपूर्ण’ घालायचा राहिला होता, नाहीतर दहाव्याची तारीखही टाकली असती.

“अगं तो आहे अजून! दुकानात आहे, जाऊन बघ!”

“मंग जित्या मानसाला हार कशाला घातलास? आक्कल गहान टाकलीस का?”

दुसरा छापला, समया-माळा न घालता. तो बराच वेळ बघून ती म्हणाली, “ह्यो हालत न्हाई.”

“फ्लेक्स हलत नसतो आत्या.”

“मंग कामाचा न्हाई,” म्हणाली आणि दुकानात जाऊन खऱ्या गड्यासमोर बसली. मी फ्लेक्स गुंडाळून खाटेखाली सारला आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसलो.

शेवटच्या दिवशी सकाळी आत्यानं ओलं फडकं मागितलं. मला वाटलं पाय पुसायला. तिनं पडदा पुसायला घेतला. वरपासून खालपर्यंत, कडेच्या खाचांतून, मागची जाळीसुद्धा. की-बोर्डमधून वर्षानुवर्षांचे चिवड्याचे दाणे काढले. पुसताना माउस हलून टोकियोचं घड्याळ पडदाभर झालं, ते मी मुकाट्यानं परत जागेवर बसवलं. ती काय करतेय ते मला कळलं होतं. धरणाचं पाणी चढणार होतं त्याच्या आदल्या सकाळी तिनं खालचं घर असंच सारवलं होतं. उद्या बुडणाऱ्या घरात शेण कालवून, वाकून, कोपरान् कोपरा. सगळी भावकी हसली होती. मीही हसलो होतो. “घानीत कसं सोडायचं?” एवढंच ती तेव्हा म्हणाली होती.

दुपारी गडी जेवला, बांधावर आडवा झाला. आत्यानं पण तिथंच खुर्चीत डोळा लावला. दिवेलागणीला तो खोपटाच्या दारात बसला. मी दुकान जरा लवकरच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान उघडलं तर पांढरं फटक. मधोमध शोधायची एक रिकामी चौकट, बस्स. खाचरं नाहीत, न्यूयॉर्क नाही, टोकियो नाही, आणि नावानं नमस्कारही नाही. मी दोनदा बंद करून उघडलं, वायरी हलवल्या, टेबलाखाली जाऊन आलो. दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स न्यायला आलेल्या एका युवा नेतृत्वाला “जरा थांबा हो, इथं माणूस गेलंय” असं ओरडलो. तो बिचारा टोपी काढून उभा राहिला.

आत्या बाहेर आली. मी म्हटलं, “गेला गं.”

तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. खुर्ची ओढून जवळ बसली. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “आता तू दिसभर काय बगनार रं?”

“मी? मी कशाला बघतोय? तुझ्यासाठी तर ठेवला होता!”

“माज्यासाठी?” आत्या माझ्याकडं बघतच राहिली. “आरं, दोन पावसाळं रान सोडून, कापनी सोडून, हितं चितरातला भात बगत बसायची मला हौस व्हती व्हय? पाय कवाच बरा झालाय माजा. म्या पिशवी भरली का तू म्हनायचास, गडी बग, गडी बग. तोंड यवढंसं व्हायचं तुजं. म्हनलं, पोराचा जीव लागलाय त्यात. येरवी दिसभर कुनाशी धड बोलत न्हाईस, गिऱ्हाईक आलं का भुकतोस. त्या गड्यावरनं तरी हसायचास. म्हनलं, बसावं आपन बी जवळ.”

युवा नेतृत्व टोपी हातात धरून ऐकत होतं. मी त्याला त्याचे फ्लेक्स दिले आणि घालवला.

“म्हणजे इतके दिवस मी तुला सांभाळत होतो का तू मला?” मी चिडून विचारलं. चिडण्याचं कारण नव्हतं, पण रडण्यापेक्षा मला ते जास्त जमतं.

“आता ह्ये काय इचारनं झालं?” आत्या उठली. “त्यो बी गेला, आन कापनी बी आली. मला गाडीत बसव.”

ह्या वेळी पुढं करायला माझ्याकडं काहीच नव्हतं. पाऊस नव्हता, डॉक्टर नव्हता, गडी नव्हता. ‘आत्या, तू जाऊ नकोस, मला करमणार नाही’ एवढं सरळ वाक्य होतं, ते तालुक्याचे फ्लेक्स लिहिणाऱ्या माणसाला जुळवता आलं नाही. मी पिशवी उचलली. ती खाटेखाली वाकून काहीतरी ओढायला लागली. गड्याची गुंडाळी.

“ते कशाला? तूच म्हणालीस कामाचा नाही.”

“हितं न्हवता. तितं यील कामाला.”

कंडक्टरला सांगून तिला पुढची खिडकी दिली. गुंडाळी तिनं मांडीवर आडवी धरली होती. गाडी निघताना म्हणाली, “साखर कमी घालीत जा च्यात.” साखर तीच घालायची जास्त, पण गाडी वळली होती. दुकानात आल्यावर मी दुसऱ्या एका कंपनीचं पान लावून बघितलं. चौकटी होत्या, घड्याळंही होती. टोकियोत किती वाजले ते बघितलं आणि बंद केलं. कापूरहोळहून फ्लेक्सचे नवे रोल घेऊन टेम्पो आला, तो उतरवून घेताना त्या टेम्पोवाल्याशीही भांडलो.

दिवाळी सरली तसं आभाळ भरून यायला लागलं, नको त्या वेळेला. हिर्डोशीच्या गाडीचा कंडक्टर दुकानात डोकावला. “तुमच्या आत्तीचा निरोप हाय. भात कापून पडलाय, पावसाचं दिसतंय, ये म्हनल्यात.” तिकडं मोबाईलला रेंज नसते, निरोप असेच एस.टी.नं येतात. मी ‘दुकान बंद आहे’ असा फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं, पण तो छापत बसलो असतो तर गाडी चुकली असती. शटर ओढलं आणि निघालो.

गाडी धरणाच्या पाण्याच्या कडेनं जाईपर्यंत थेंब पडायला लागले. हिर्डोशीला उतरून वर चढेपर्यंत पावसानं चांगलाच जोर धरला. शहरातून आल्यासारखी छत्री उघडून मी चिखलातून तोल सांभाळत आत्याच्या खळ्यापाशी पोचलो.

भाताच्या पेंढ्या खळ्याच्या मधोमध रचलेल्या होत्या आणि त्यांच्यावर फ्लेक्स अंथरला होता. चित्राची बाजू वर. गडी त्या ढिगावर उताणा पसरला होता, खाटेएवढा, आणि त्याच्या गवताच्या टोपीवर, पाठीवरच्या इरल्यावर, खाचरांवर खराखुरा पाऊस पडत होता. महाबळेश्वरचा नव्हे, हिर्डोशीचा. खाली आत्याचा वर्षाचा भात कोरडा होता. वारा आत शिरला की फ्लेक्सची कड उचलली जायची आणि गडी हलायचा. आत्या इरलं पांघरून, काठी बगलेत दाबून, पलीकडचे कोपरे दगडांनी दाबत होती. सळईचा पाय जरा ओढत होती, पण चालत होती.

मला तिथंच थांबावंसं वाटलं. हसू येत होतं. आत्या दिसली म्हणून, ती धडधाकट दिसली म्हणून, आणि तो बुटका अखेर कुणाच्यातरी कापणीला उपयोगी पडला म्हणूनही. छत्री धरून मी नुसता बघत राहिलो.

“आरं, नुसता हुबा काय राह्यलाईस? हाल की जरा!”

मला वाटलं, ती गड्याला म्हणतेय. पण तो तर आपल्या कामावर होता. आत्या माझ्याकडं बघत होती, दगड उचलून धरलेला, इरल्यावरून पाणी निथळतंय.

मी छत्री टाकली आणि दुसरा कोपरा धरला.